घाशीरामची भिंत : एका चित्रपटाच्या अपयशाविषयी

'घाशीराम कोतवाल' रंगमंचावर पाहिलेल्या कुणालाही त्या नाटकातले काय आठवते, असे विचारून पाहावे. संवाद फारसे कुणाला आठवत नाहीत. आठवते ती माणसांची रांग. बारा ब्राह्मण प्रेक्षकांकडे तोंड करून ओळीने उभे आहेत, गणपतीची आळवणी चालली आहे, मृदंग आणि टाळ यांच्या ठेक्यावर सगळी रांग एका देहासारखी डोलते आहे. मग कुणीतरी खूण करावी तशी ही रांग पाठ फिरवते आणि तिची भिंत होते. भिंतीपलीकडे काय चालले आहे ते आपल्याला दिसत नाही, पण कळते. पुन्हा ती वळते तेव्हा तेच चेहरे, तेच निरागस हसू आणि तोंडी तेच हरिनाम.

या नाटकावर एक चित्रपटही निघाला होता, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. तो १९७६ साली तयार झाला. पटकथा स्वतः विजय तेंडुलकरांची, संगीत नाटकाचेच संगीतकार भास्कर चंदावरकर यांचे, आणि नाना फडणविसांच्या भूमिकेत रंगमंचावर नाना गाजवणारे मोहन आगाशे. दिग्दर्शक म्हणून चार नावे आहेत : मणी कौल, के. हरिहरन, सईद मिर्झा आणि कमल स्वरूप. घाशीरामच्या भूमिकेत ओम पुरी, आणि हा त्यांचा पहिला चित्रपट. एवढी नावे एकत्र आल्यावर जे व्हायला हवे होते ते झाले नाही. चित्रपट नाटकाच्या रसिकांपर्यंत पोचला नाही, आणि ज्यांच्यापर्यंत पोचला त्यांतले बरेचजण गोंधळून परतले. पुढे कित्येक वर्षे तो जवळपास अदृश्यच होता.

मी नाटक आधी पाहिले, चित्रपट फार उशिरा, आणि तोही संगणकाच्या लहानशा पडद्यावर. पहिल्या वेळी माझी निराशा झाली, हे प्रांजळपणे सांगतो. दुसऱ्यांदा पाहताना ती निराशा कमी झाली नाही, पण तिचे कारण वेगळे दिसू लागले. त्या कारणाचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे.

* * *

आधी नाटकाचा इतिहास थोडक्यात सांगायला हवा, कारण चित्रपटाचे अपयश त्या इतिहासाशी जोडलेले आहे.

'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्य मंदिरात झाला. संस्था होती प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, म्हणजे पुणेकरांची 'पीडीए'. दिग्दर्शक जब्बार पटेल, नृत्ये कृष्णदेव मुळगुंद यांची. घाशीराम रमेश टिळेकर, नाना मोहन आगाशे. यांतले बहुतेकजण व्यावसायिक नट नव्हते. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, तर आगाशे मनोविकारतज्ज्ञ. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेच्या धुरिणांनीच नाटक थांबवले. नाना फडणविसांची आणि पुण्याच्या ब्राह्मणांची बदनामी होते, हा आक्षेप होता. नाटक करणारी मंडळी बाहेर पडली आणि २७ मार्च १९७३ रोजी त्यांनी थिएटर अकादमी स्थापन केली. जानेवारी १९७४ मध्ये नाटक पुन्हा उभे राहिले आणि मग दीर्घ काळ चालत राहिले. १९८० साली ते युरोपच्या दौऱ्यावर निघाले तेव्हाही विरोध झालाच.

मूळ कथानक पेशवाईतले. घाशीराम सावळदास हा औरंगाबादेकडून पुण्यात आलेला उत्तर हिंदुस्थानी ब्राह्मण नानांच्या कारकिर्दीत पुण्याचा कोतवाल झाला. १७९१ साली त्याच्या कोठडीत काही तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले, शहर खवळले, आणि घाशीरामला जमावाने दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ साली या कोतवालावर पुस्तक लिहिले, त्यामुळे मराठी वाचकाला ही हकीगत जुनीच आहे. तेंडुलकरांनी तिचा सांगाडा घेतला आणि हे ऐतिहासिक नाटक नाही, असे स्पष्ट बजावले. परिस्थिती घाशीराम निर्माण करते, सत्ताधारी त्याचा उपयोग करून घेतात आणि गरज संपली की त्याला जमावाच्या हवाली करतात, हे त्यांना सांगायचे होते. १९६० नंतरच्या मुंबईत हे सांगायला पुरेशी कारणे होती.

नाटकातला घाशीराम परका आहे. पुण्यात चोरीचा आळ घेऊन त्याला अपमानित केले जाते, हाकलून दिले जाते. सूड घ्यायची प्रतिज्ञा करून तो परत येतो, आपली कोवळी मुलगी गौरी नानांच्या वासनेपुढे ठेवतो आणि बदल्यात कोतवाली मिळवतो. पुढे त्याचा जुलूम, मुलीचा मृत्यू आणि त्याचा अंत. ही कथा गद्यात सांगितली तर असह्य होईल. तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांनी ती गाण्यात सांगितली. कोकणातले खेळे आणि नमन, दशावतार, तमाशा, कीर्तन, अभंग, लावणी या सगळ्यांची रीत त्यात मिसळली. सूत्रधार कीर्तनकाराच्या थाटात बोलतो, बावनखणीच्या वाटेवर ब्राह्मण चोरपावलांनी जातात, अभंगाच्या चालीला लावणीचा ठेका खेटून येतो. चंदावरकर पंडित रविशंकरांचे शिष्य, आणि त्या काळी पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवत होते. लोकसंगीताचे साहित्य त्यांनी असे वापरले की ते कुठेही 'लोककलेचे प्रदर्शन' वाटत नाही. प्रयोगात संगीत थांबते असे क्षण फार थोडे. सबंध नाटक एका लयीवर तरंगत असते.

म्हणूनच या नाटकाला संगीत नाटकाच्या परंपरेत बसवावे असे मला वाटते. त्यात पदे म्हणण्यासाठी कथा थांबत नाही, तान घेऊन 'वन्स मोअर' मिळवणारा गायक नट नाही, हे खरे. पण संगीत काढून घेतले तर मागे काहीच उरत नाही, ही संगीत नाटकाची खरी कसोटी असेल तर 'घाशीराम' त्या कसोटीला पुरेपूर उतरते.

* * *

आता चित्रपटाकडे वळू. पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात स्टुडिओच्या जागेत सुरू झाली. भरत नाट्य मंदिर सदाशिव पेठेत, इन्स्टिट्यूट लॉ कॉलेज रस्त्यावर. अंतर फारसे नाही, पण दोन्हीकडची हवा वेगळी. इन्स्टिट्यूटमधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी 'युक्त' नावाची सहकारी संस्था काढली. निर्मात्याच्या मर्जीवर अवलंबून न राहता तंत्रज्ञांनी एकत्र येऊन चित्रपट करावा, ही कल्पना. छायाचित्रण एकट्याचे नाही, दिग्दर्शन एकट्याचे नाही. सहकाराचा मोह त्या वर्षी इतरांनाही पडला होता. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांच्या दोन-दोन रुपयांतून श्याम बेनेगलांचा 'मंथन' त्याच १९७६ सालचा, आणि त्याच्या लेखनातही तेंडुलकर होते.

शिवाय तो आणीबाणीचा काळ होता. जून १९७५ ते मार्च १९७७ या काळात सत्ता, कोतवाल आणि कोठडी या विषयावर चित्रपट करणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पेशवाईचा पोशाख चढवला की वर्तमानाविषयी बोलता येते, ही युक्ती मराठी रंगभूमीला खाडिलकरांच्या 'कीचकवधा'पासून माहीत आहे. लॉर्ड कर्झनला कीचकात पाहणाऱ्या प्रेक्षकांचीच ही नातवंडे.

चित्रपट करणाऱ्यांपुढे दोन मार्ग होते. एक, प्रयोग जसाच्या तसा चित्रित करायचा. दुसरा, नाटक विसरून त्याच्या आशयाला चित्रपटाची स्वतंत्र भाषा द्यायची. पहिला मार्ग त्यांना कमीपणाचा वाटला असणार, आणि तो वाटावा हे योग्यच. मणी कौलांनी त्याआधी मोहन राकेशांच्या नाटकावरून 'आषाढ का एक दिन' केला होता. त्यात नटांच्या आवाजातला अभिनय जवळजवळ पुसून टाकलेला आहे. शब्द उच्चारले जातात, पण ते भावनेने रंगवले जात नाहीत. नाटकाचे 'नाटकपण' काढून टाकले की पडद्यावर काय उरते, याचा तो शोध होता. 'घाशीराम'मध्ये याच वृत्तीचा ठसा दिसतो. कॅमेरा नाटकाला रंगमंचाबाहेर, खऱ्या दगडमातीत आणि मोकळ्या उजेडात घेऊन जातो. पटकथा पेशवाईच्या राजकारणाचा पट नाटकापेक्षा अधिक विस्ताराने मांडू पाहते. सबंध रीळ संपेपर्यंत न तोडलेले प्रदीर्घ दृश्यही त्यात आहे. माणसांचे थवे मोकळ्या जागेत फिरवत कॅमेऱ्याने त्यांच्यामागून चालत राहावे, ही रीत त्या काळी हंगेरीच्या मिक्लोश यांचोच्या चित्रपटांमुळे जगभर चर्चेत होती. आपल्या तरुणांनी ती पुण्याच्या ब्राह्मणांवर वापरून पाहिली, यात धाडस आहे आणि बुद्धीही आहे.

घाशीरामसाठी ओम पुरींची निवड हाही विचारपूर्वक घेतलेला निर्णय वाटतो. अंबाल्याकडचा, मराठी मातृभाषा नसलेला, देवीच्या व्रणांचा चेहरा घेऊन आलेला नट पुण्यात आलेल्या परक्याची भूमिका करतो. कागदावर याहून अचूक काही सुचणार नाही. आणि त्यांचे मौन पडद्यावर खरोखर काही सांगून जाते.

मग बिघडले कुठे?

* * *

माझ्या मते उत्तर त्या भिंतीत आहे.

रंगमंचावर पुणे कुठेच नसते. नानांचा वाडा नसतो, बाग नसते, कोठडी नसते. बारा माणसे वळतात, वाकतात, हात पसरतात आणि त्यातून हे सगळे घडते. शहर म्हणजे इमारती नव्हेत, शहर म्हणजे एकमेकांना लपवणारी माणसे, हे विधान नाटक शब्दांत करत नाही. ते आपल्याला डोळ्यांनी पाहायला लावते. चित्रपटात खरा दगड आला. खरी भिंत एकदा पडद्यावर दिसली की माणसांनी भिंत होण्याचे कारणच संपते. मग ब्राह्मणांचा समूह हा केवळ समूह राहतो, म्हणजे ऐतिहासिक चित्रपटातली गर्दी. ती गर्दी कितीही सुरेख हलवली तरी ती काही झाकत नाही. आणि झाकणे हाच या कथेचा गाभा आहे.

दुसरी गोष्ट संगीताची. चित्रपटात संगीत आहे, चंदावरकरांचेच आहे आणि स्वतंत्रपणे ऐकले तर चांगलेही आहे. पण ते अधूनमधून येते. मधल्या जागा शांततेने, चालण्याने, दूरवरून घेतलेल्या दृश्यांनी भरलेल्या आहेत. नाटकात जी लय प्रेक्षकाला उसंत देत नव्हती ती इथे सुटते. उसंत मिळाली की प्रेक्षक विचार करू लागतो, आणि त्याने विचार करावा अशीच दिग्दर्शकांची इच्छा होती. अडचण अशी की नाटकाचे सामर्थ्य नेमके उलट बाजूला होते.

हे थोडे उलगडून सांगतो. नाटक पाहताना पहिला तासभर आपण हसतो. ब्राह्मणांची बावनखणीकडची लगबग पाहून हसतो, त्यांच्या बायकांच्या करामतींवर हसतो, नानांच्या लंगडत लंगडत गौरीमागे धावण्यावरही हसतो. पाय नकळत ठेका धरतात. गौरीचे काय होणार आहे हे आपल्याला त्या क्षणीही कळलेले असते, पण ठेका इतका गोड असतो की आपण थांबत नाही. पुढे तीच मुलगी मरते, आणि मग आपल्या लक्षात येते की मघाशी भिंतीच्या या बाजूला बसून आपणही त्याच तालावर डोललो होतो. तेराव्या माणसाची जागा आपण भरली होती. नाटक प्रेक्षकावर हा आरोप ठेवते, आणि पुरावा म्हणून त्याचेच हसू हजर करते. १९७२ साली पुण्यात लोक चिडले त्यामागे नानांची बदनामी हे एक कारण असेलच, पण आपण हसलो याचा संतापही त्यात मिसळलेला असावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

चित्रपट असे काही करत नाही. तो पहिल्या दृश्यापासून गंभीर आहे, सत्तेची यंत्रणा दाखवतो आणि आपल्याला तिच्यापासून दूर उभे करतो. त्या अंतरावरून नाना दुष्ट दिसतात, ब्राह्मण ढोंगी दिसतात, घाशीराम बळी दिसतो, आणि आपण शहाणे ठरतो. राजकीय दृष्ट्या चित्रपट नाटकापेक्षा अधिक सुसंगत आहे असे कुणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. नाटकात नाचगाण्याच्या भरात आशय वाहून जातो, असा आक्षेप त्या काळी डाव्या विचारांचे समीक्षकही घेत, आणि चित्रपट म्हणजे जणू त्या आक्षेपाला दिलेले उत्तर आहे. परंतु नाचगाणे काढून आशय स्वच्छ केला, तेव्हा आरोपच निघून गेला. प्रेक्षक निर्दोष सुटला.

* * *

हे केवळ 'घाशीराम'पुरते नाही. ज्या प्रभातच्या आवारात पुढे इन्स्टिट्यूट झाली, तिथेच १९३५ साली व्ही. शांताराम यांनी 'धर्मात्मा' केला होता, आणि संत एकनाथांच्या भूमिकेत बालगंधर्व होते. रंगमंचावर तीस वर्षे भामिनी, सिंधू, रुक्मिणी उभ्या करणारा हा गायक कॅमेऱ्यापुढे पुरुषवेषात आला. गळा तोच होता. पण समोर प्रेक्षक नव्हते, 'वन्स मोअर' नव्हता. गाणे जिथे श्रोत्याच्या प्रतिसादावर वाढत जाते तिथे श्रोता काढून घेतला, तर गायकाचे अर्धे गाणे नाहीसे होते. चाळीस वर्षांनंतर त्याच आवारातून बाहेर पडलेल्या तरुणांना वेगळ्या कारणाने तोच अनुभव आला.

जर्मनीचे उदाहरण आणखी बोलके आहे. बर्टोल्ट ब्रेख्त आणि कुर्ट वाइल यांचे 'थ्रीपेनी ऑपेरा' १९२८ साली बर्लिनमध्ये आले आणि अफाट गाजले. पाब्स्टने त्याचा चित्रपट केला तो १९३१ साली. त्यात गाणी कमी झाली, लंडनच्या गल्ल्या उभ्या राहिल्या, छाया-प्रकाश अप्रतिम झाला. ब्रेख्तने त्याआधीच निर्मात्यांवर खटला भरला होता, तो हरला, आणि मग त्या खटल्यावर त्याने एक मोठा निबंध लिहिला. कलाकृतीचे तुकडे सुटे करून विकता येतात अशी बाजाराची समजूत असते, असे त्याचे म्हणणे होते. गंमत अशी की थिएटर अकादमीने १९७८ साली याच नाटकाचे मराठी रूप रंगमंचावर आणले : पु. ल. देशपांडे यांचा 'तीन पैशाचा तमाशा', दिग्दर्शक जब्बार पटेल. म्हणजे 'घाशीराम'चा चित्रपट होऊन दोन वर्षेही झाली नव्हती आणि तीच मंडळी गाण्याच्या बळावर प्रेक्षकाला अडचणीत आणण्याच्या कलेकडे पुन्हा वळली होती.

जब्बार पटेलांचे उदाहरण इथे महत्त्वाचे आहे. 'घाशीराम'चा चित्रपट त्यांनी केला नाही. त्याच काळात तेंडुलकरांच्याच पटकथेवर त्यांनी 'सामना' (१९७५) केला, आणि त्यात नाटकाची एकही खूण नाही. मग १९७७ साली गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून 'जैत रे जैत' केला. तो गाण्यांनी भरलेला आहे, हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींवर तो चालतो, पण ते संगीत डोंगर, पाऊस आणि ढोल यांतून उगवलेले आहे. रंगमंचाच्या चौकटीत ते कधी नव्हतेच. या माणसाला दोन्ही माध्यमे कळत होती, म्हणून एका माध्यमातली गोष्ट त्याने दुसऱ्यात ओढून नेली नाही.

उलट बाजूचे उदाहरणही द्यायला हवे. 'कट्यार काळजात घुसली' हे पुरुषोत्तम दारव्हेकरांचे नाटक १९६७ सालचे, आणि सुबोध भावे यांचा चित्रपट २०१५ सालचा. त्या चित्रपटात कथा बदलली, नवी गाणी आली, जुन्या रसिकांनी नाके मुरडली, तरी प्रेक्षकांनी तो उचलून धरला. कारण 'कट्यार'मध्ये गाणे हाच विषय आहे. दोन घराणी, दोन गळे, एक स्पर्धा. पात्रे गातात ती गायकच असतात म्हणून, त्यामुळे कॅमेऱ्यापुढेही त्यांचे गाणे खरेच राहते. 'घाशीराम'मध्ये कुणीही गायक नाही. तिथे अख्खे शहर गाते, आणि गाण्याच्या आडोशाने पाप करते. वास्तवाच्या दगडमातीत या गाण्याला जागा सापडत नाही.

* * *

आता चित्रपटाच्या बाजूने काही बोलले पाहिजे. निराशा ही अपेक्षेच्या मापाने मोजली जाते, आणि आमची अपेक्षा होती नाटक पुन्हा पाहण्याची. त्या चौघांना ते करायचेच नव्हते.

शिवाय नाटकाचे पुढे काय झाले तेही विसरता येत नाही. विरोध ओसरला, परदेशात वाहवा झाली, प्रयोगांची संख्या वाढत गेली. ज्या प्रेक्षकाला ते अडचणीत आणत होते तोच प्रेक्षक आता नाटक पाठ असल्यासारखा यायला लागला. मी पाहिला तो प्रयोग १९८०च्या दशकातला होता. गणपतीच्या प्रवेशाला टाळ्या, भिंत पहिल्यांदा वळली तेव्हा टाळ्या, नानांच्या चालीला टाळ्या. गौरीच्या मृत्यूनंतर सभागृहात शांतता पसरायला हवी होती, तिथेही मागच्या रांगेत कुणीतरी पुढच्या गाण्याचा ठेका खुर्चीच्या हातावर आधीच धरला होता. लोकप्रिय झालेले संगीत आपला डंख हळूहळू गमावते. ज्या गोडव्याने सापळा लावला तोच गोडवा शेवटी लोक घरी घेऊन जातात, आणि सापळा तिथेच राहतो.

या पार्श्वभूमीवर चित्रपटाचा रुक्षपणा मला दुसऱ्यांदा पाहताना निराळा वाटला. तो लोकांना आवडलेले काहीही त्यांना परत द्यायला तयार नाही. टाळी घेण्याची प्रत्येक जागा त्याने जाणूनबुजून मोकळी सोडली आहे. नाटकाचा चाहता म्हणून मला ते सोसवत नाही, परंतु आणीबाणीच्या काळात विशी-तिशीतल्या तरुणांनी हा हट्ट धरावा, यामागची भावना कळते. रेडिओवर रोज गोड स्वर ऐकू येत होता आणि कोठड्या भरत होत्या. अशा वेळी गोड स्वरावरचा विश्वास उडणे स्वाभाविक आहे. त्यांनी गाणे कमी केले ते नाटक कळले नाही म्हणून नसावे. गाण्याची भीती वाटली म्हणून असावे.

ती भीती खरी होती, तरी त्यांनी निवडलेला उपाय फसला. भिंत पाडून टाकली की पलीकडचे सत्य उघडे पडेल असे त्यांना वाटले. पण तेंडुलकरांच्या नाटकात सत्य भिंतीपलीकडे नाहीच. भिंतीपलीकडे काय चालते ते सगळ्यांना ठाऊक असते. न दिसल्याचे सोंग आपण किती सुरात वठवतो, हे खरे सत्य आहे, आणि ते भिंतीवरच लिहिलेले आहे.

चित्रपटाची प्रत बर्लिनच्या आर्सेनल या संस्थेने जपली, म्हणून आज तो पाहता येतो. नाटकाच्या मूळ संचाचे प्रयोग आता होत नाहीत. म्हणजे ज्याने आपल्याला निराश केले तो चित्रपट शाबूत आहे, आणि ज्याच्यावर आपण प्रेम केले तो प्रयोग पाहणाऱ्यांच्या आठवणीत आणि काही ध्वनिचित्रफितींत उरला आहे. नव्या पिढीतल्या कुणाला 'घाशीराम' काय होते हे जाणून घ्यायचे असेल तर छापील संहिता आणि हा चित्रपट, एवढेच त्याच्या हाताशी सहज लागते. तेव्हा चित्रपट जरूर पाहावा, माझा विरोध नाही. फक्त पाहताना पडद्यावरच्या मोकळ्या माळावर मनातल्या मनात बारा माणसे ओळीने उभी करावीत, आणि ती वळतात तेव्हा आपले पाय ठेका धरतात का, इकडे थोडे लक्ष द्यावे.